हावड्याचा पूल आणि त्याखालची माणसे

नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेस पकडून हावड्याला उतरलेला माणूस स्टेशनबाहेर येतो आणि मान वर करून उभा राहतो. ही गाडी 1977 साली सुरू झाली तेव्हा तिच्यात वर्गवारी नव्हती, सगळे एकाच दर्जाने बसत. आता ते राहिले नाही. असो. समोर पूल असतो. नदीत एकही खांब नाही, दोन मनोऱ्यांत 1,500 फुटांचे अंतर, आणि एवढ्या लोखंडात नट-बोल्ट नाहीत, सारे सांधे रिव्हेटचे!

पाहुणा असा वर पाहतो, स्थानिक माणूस खाली मान घालून लोकल गाठायला पळतो. आम्ही पाहुणेच, पण परके नाही. 1946 साली बाबासाहेबांना घटना समितीवर पाठवले ते याच बंगालने, जोगेंद्रनाथ मंडलांच्या पुढाकाराने.

पुलाला 26,500 टन पोलाद लागले, त्यातले 23,000 टन टाटांचे. आराखडा कोणाचा, ठेका कोणाचा, हे सगळे नोंदलेले आहे. तापलेला रिव्हेट उंचावर झेलणारा कोण होता? हातोडा कोणी मारला? फेब्रुवारी 1943 मध्ये पूल खुला झाला. जपानी बॉम्बच्या भीतीने समारंभ झाला नाही, पहिली गेली ती ट्राम. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि उपाशी खेडूत कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन मेले. त्यात भूमिहीन मजूर आणि मच्छीमार सर्वाधिक भरडले गेले. एवढे पोलाद उभे करणाऱ्या राजवटीला तांदूळ पोहोचवता आला नाही, हे पुलाचे कौतुक करताना आम्ही विसरू शकत नाही.

2011 साली वेगळीच बातमी आली. पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी पुलाच्या उभ्या आधारांची बुडे गंजली, 6 मिलिमीटरचे आवरण 3 मिलिमीटरवर आले. शेवटी त्यांना फायबरग्लास गुंडाळावे लागले. पुलाचा अभिमान सांगणारे आणि त्यावर थुंकणारे एकाच शहरातले. घाण धुणारा वेगळा, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

तरीही पूल पाहावाच. पहाटे जावे, कलकत्त्याच्या टोकाला मल्लिक घाटाचा फुलबाजार भरलेला असतो तेव्हा. फुटपाथवर फोटोसाठी थांबलात तर कठड्याला लागून उभे राहा; मागून डोक्यावर टोपले घेतलेला हमाल येत असतो, आणि त्याला वर पाहता येत नाही.