गेममधलं सरकार कुणाचं?

संध्याकाळी वाकोल्यातल्या एखाद्या गल्लीत चार मुलं मोबाइल आडवा धरून ओरडताना दिसली, की ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर’ रंगात आलाय असं समजावं. मध्येच एखादा वैतागतो, “माझा आयडी बॅन केला!” कुणी केला, कोणत्या नियमाने केला आणि दाद कुठे मागायची, याबाबत मुलांइतकाच पालकांचाही गोंधळ असतो.

गैरसमज : गेममध्ये पोलीस असले की खेळाडू सुरक्षित.
वस्तुस्थिती : ‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडच्या कंपनीचा अंतराळातला गेम २००३ पासून चालू आहे. त्यातल्या साम्राज्यांनी मिळून ‘कॉन्कॉर्ड’ नावाची संस्था उभारली, अशी त्याची कथा. सुरक्षित पट्ट्यात कुणी विनाकारण हल्ला केला, तर कॉन्कॉर्ड हल्लेखोराचं जहाज नष्ट करते. मात्र ती हल्ला थोपवत नाही, नंतर शिक्षा देते. सुरक्षा-पातळी ०.५ च्या खाली गेली, की तिथे ती फिरकतही नाही. शेवटी कॉन्कॉर्ड म्हणजे कंपनीने लिहिलेला प्रोग्राम.

गैरसमज : खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद असली, की नियम खेळाडूंचे.
वस्तुस्थिती : ‘ईव्ह’चे खेळाडू २००८ पासून मतदानाने आपली परिषद निवडतात. २०११ मध्ये गेममधल्या महागड्या सजावटी वस्तूंवरून खेळाडू भडकले, तेव्हा कंपनीने परिषदेच्या सदस्यांना आइसलँडला बोलावून तातडीची बैठक घेतली. म्हणजे दबाव चालतो. तरीही परिषद सल्लागारच आहे, निर्णयाची सही कंपनीची.

गैरसमज : प्ले स्टोअरवरचा वयाचा शिक्का सरकार देतं.
वस्तुस्थिती : चित्रपटांना सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं, गेमना नाही. प्ले स्टोअरवर दिसणारे ३+, १२+, १६+ हे आकडे एका आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतात. गेम बनवणारा हिंसा, जुगार, भाषा यांविषयीची प्रश्नावली भरतो आणि त्यावरून वयोगट ठरतो. अनोळखी माणूस चॅटवर काय बोलेल, हे कोणताही शिक्का सांगू शकत नाही.

गैरसमज : सरकार गेमच्या आतले नियम बदलू शकत नाही.
वस्तुस्थिती : थेट नाही, पण दार बंद करू शकतं. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली. त्याच्या जागी आलेला ‘बीजीएमआय’ जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला तो वेळेचं बंधन घेऊन : १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा.

गैरसमज : २०२५ च्या कायद्याने सगळे ऑनलाइन गेम बंद झाले.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला मात्र याच कायद्याने मान्यता दिली. मुंबईतल्या ‘ड्रीम११’ने आपल्या पैशांच्या स्पर्धा त्यानंतरच बंद केल्या.

गैरसमज : विकत घेतलेली स्किन आणि आयडी आपल्या मालकीचे.
वस्तुस्थिती : बहुतेक गेमच्या अटींनुसार तुम्हाला फक्त वापराचा परवाना मिळतो. आयडी दुसऱ्याला विकणं अनेक ठिकाणी नियमबाह्यच आहे. त्यामुळे अशा व्यवहारात बुडालेल्या पैशांबाबत कंपनी हात वर करते.

तेव्हा बॅनविरुद्ध दाद गेममधल्या सपोर्टकडे किंवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे मागा. पैशांची फसवणूक झाली असेल, तर मात्र सपोर्टच्या उत्तराची वाट पाहू नका : लगेच १९३० वर फोन करा आणि पोलीस ठाणं गाठा. व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसू नका.