डब्यातील गाजर : काळ्या जमिनीच्या गावांसाठी एक सोपी रीत

निपाणी तालुक्यातील बोरगाव आणि दूधगंगेच्या खोऱ्यातील आसपासची गावे ऊस व तंबाखूच्या पिकांसाठी ओळखली जातात. येथील काळी जमीन कसदार खरी; परंतु ती ओली असता चिकट, तर वाळली असता टणक होऊन भेगाळते. अशा जमिनीत लावलेले गाजर पुष्कळदा आखूड, वाकडे व फाटे फुटलेले निघते. दोष बियाण्याचा असेलच असे नाही. गाजर हे सरळ खाली जाणारे सोटमूळ होय. उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या कोवळ्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा घट्ट थर आडवा आला, की टोक खुंटते व बाजूची मुळे पोसू लागतात. सारे रान भुसभुशीत करणे प्रत्येकाच्या आवाक्यात नसते. एका डब्यापुरती माती मात्र कोणासही मनाजोगी करता येते.

डबा व माती

खाद्यतेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा या कामी उत्तम. कीटकनाशकाचा अथवा रसायनाचा डबा कधीही वापरू नये. डब्याच्या तळाला सहा ते आठ भोके पाडून त्यावर विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा व डबा दोन विटांवर ठेवावा. पत्रा तापू नये म्हणून बाहेरून चुना लावावा. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत चाळून एकत्र करावे. ताज्या शेणामुळे मुळांना फाटे व केसाळ तंतुमुळे फुटतात. तंबाखू, वांगी किंवा टोमॅटोच्या रानातील माती घेऊ नये. या पिकांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी गाजरासही उपद्रव देतात. माती आठवडाभर कडक उन्हात पातळ पसरून मगच वापरावी. किमान ३० सें. मी. खोलीपर्यंत मिश्रण भरावे, पण ते दाबू नये.

पेरणी व निगा

पुसा केसर किंवा नान्टीस या जाती निवडाव्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ पेरणीस योग्य होय, कारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात मुळास रंग चांगला चढतो. गाजराचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये. बी थेट डब्यातच पेरावे. बी तळहातावर हलके चोळून, कोरड्या वाळूत मिसळून सुमारे १ सें. मी. खोल पेरावे व झारीने पाणी द्यावे. उगवण होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर वरचा थर वाळू न देणे हीच यशाची गुरुकिल्ली आहे. यासाठी ओले गोणपाट झाकावे व अंकुर दिसताच ते काढून घ्यावे.

रोपे बोटभर उंच झाली की विरळणी करून एका डब्यात सुमारे बाराच रोपे राखावीत. येथे मोह धरल्यास सर्वच गाजरे बोटाएवढी राहतात. पाणी बेताने पण नियमित द्यावे. माती फार सुकवून एकदम भरपूर पाणी दिल्यास गाजरे तडकतात. युरिया देऊ नये. त्याने पाला माजतो व मूळ पोसत नाही. मुळाचे डोके उघडे पडल्यास मातीने झाकावे, अन्यथा ते हिरवे होते. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

काढणी व उपयोग

पेरणीनंतर सुमारे ८० ते ९० दिवसांत गाजरे काढणीस येतात. एका डब्यातून साधारण एक किलो माल निघतो. चार डबे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरल्यास घरातील मुलांना सुमारे दोन महिने ताजी गाजरे मिळू शकतात.

गाजरातील कॅरोटिनपासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होते. त्याच्या अभावी बालकांना रातांधळेपणा येतो व दुर्लक्ष झाल्यास दृष्टीही गमवावी लागते. याच कारणास्तव १९७० साली बालकांना 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कॅरोटिन अंगी लागण्यास थोडी स्निग्धता लागते. म्हणून कोशिंबिरीस तेलाची फोडणी द्यावी किंवा भाजी करावी. मात्र गाजर हे औषध नव्हे. संध्याकाळी मूल ठेचकाळू लागले, तर त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात दोन डबे शेजारी ठेवावेत. एकात काळ्या रानाची माती, दुसऱ्यात वरील मिश्रण भरावे. बी, पाणी व ऊन सारखेच द्यावे. काढणीच्या दिवशी दोन्हींतील गाजरे मुलांसमोर मांडली, म्हणजे मुळाला मोकळी माती का लागते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.