लग्नाची डीव्हीडी मोबाईलवर आणताना: बिघाड कोठे होतो आणि तो कसा ओळखावा

कन्हान आणि नदीपलीकडच्या कामठीत फोटो स्टुडिओ, मोबाईल दुरुस्ती किंवा ऑनलाइन अर्जांचे दुकान चालविणाऱ्या व्यावसायिकांसाठी हे एक किरकोळ वाटणारे पण जबाबदारीचे काम आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या निकाह-वलिम्याची डीव्हीडी घेऊन गिऱ्हाईक येते. घरचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. मागणी एवढीच की मोबाईलवर दिसेल असे करून द्या. परंतु आज हयात नसलेल्या अब्बांचे किंवा दादीचे चालते-बोलते चित्र कित्येकदा त्या एकाच चकतीत असते. दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी त्यातील खाचखळगे माहीत असलेले बरे.

पहिली गोष्ट म्हणजे चकती ड्राइव्हमध्ये घालून थेट रूपांतर सुरू करू नये. बहुतेक घोटाळे येथूनच सुरू होतात. रूपांतर तास-दीड तास चालते आणि तेवढा वेळ ड्राइव्ह जुन्या चकतीशी झगडत बसतो. एखादा भाग वाचला गेला नाही की प्रोग्रॅम बंद पडतो किंवा तेवढा भाग गाळून गुपचूप पुढे जातो. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो लगेच कळत नाही. आधी संपूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. एका चकतीला सुमारे साडेचार जीबी जागा लागते. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती काहीच नाही.

प्रत घेताना चकती अडली तर घाबरू नये. साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसावी. पुसताना हात मध्यापासून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवू नये. गोल ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि सलग बराच मजकूर बुडवितो. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा ड्राइव्ह मुकाट्याने वाचतो, हा प्रकार नेहमीचा आहे. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सुस्थितीतील भाग आधी उतरवून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर पुन्हा त्याच जागांवर प्रयत्न करतो. त्याच नोंदीच्या आधारे उरलेले काम दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे नेता येते.

डीव्हीडीमध्ये माहितीचा थर प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो. त्यामुळे खालच्या बाजूचे हलके ओरखडे पॉलिश करून कित्येकदा निघतात. व्हीसीडीचे तसे नाही. तिचा थर वरच्या छापील बाजूला अगदी लागून असतो. व्हीसीडी उजेडासमोर धरल्यावर आरपार छिद्रे दिसली तर तेवढा भाग गेला असे समजावे आणि गिऱ्हाइकाला त्याच वेळी तसे सांगावे.

कधी कधी चकतीवर चित्रण असूनही संगणक ती कोरी दाखवितो. डीव्हीडी हॅंडीकॅमच्या लहान चकत्यांबाबत हे विशेष घडते. शूटिंग झाले, पण चकती ‘फायनलाइज’ करायची राहून गेली, असा त्याचा अर्थ. अशी चकती शक्य तर मूळ कॅमेऱ्यातच घालून ते काम पूर्ण करावे. कोरी समजून तिच्यावर काहीही लिहू नये.

आता रूपांतराकडे वळू. चकतीतील ‘व्हिडिओ टीएस’ या फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या फाइली असतात आणि प्रत्येक जास्तीत जास्त एक जीबीची असते. एकच चित्रण चार-पाच तुकड्यांत विभागलेले असते. अनेक जण एकेक तुकडा वेगळा रूपांतरित करून नंतर जोडतात. मग जोडावर आवाज तुटतो किंवा एखादा शब्द गळतो, आणि तो नेमका ‘कबूल है’ असला तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? हॅंडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅमला संपूर्ण फोल्डर दिला की तो सर्व तुकडे सलग वाचतो.

तयार फाइलमध्ये हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. आपल्याकडील चित्रण पाल पद्धतीचे असते. सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते शोभून दिसे, मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही हप्ते एकदम दिसतात. त्यासाठी ‘डीइंटरलेस’ सुरू करावे. ते केल्यावरही माणसे पुढे-मागे थरथरत चालताना दिसली तर हप्त्यांचा क्रम उलटा धरला गेला आहे, तो बदलून पाहावा.

नवरदेव रुंद किंवा बारीक दिसत असेल तर दोष लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा असतो. डीव्हीडीतील चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असले तरी ते त्याच आकारात दाखवायचे नसते. जुन्या चौकोनी टीव्हीसाठीचे चित्र ७६८ बाय ५७६ आणि रुंद पडद्याचे १०२४ बाय ५७६ करावे. ते वाढवून १०८० करण्याचा मोह टाळावा. फाइल फुगते, चेहरा काही स्पष्ट होत नाही.

आवाज पुढे-मागे होण्याचे कारण तो केव्हा सरकतो यावरून ओळखता येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर आवाजाला तेवढा विलंब देऊन काम भागते. फरक हळूहळू वाढत असेल तर २५ ऐवजी ३० चित्रांचा वेग निवडला गेला आहे का ते तपासावे. मधेच एका जागेपासून फरक पडत असेल तर तेथे चकतीचा भाग वाचला गेलेला नाही, आणि सेटिंगशी खेळण्याऐवजी प्रत पुन्हा घ्यावी. आवाज अजिबातच येत नसेल तर तो एसी-३ स्वरूपातच राहिला असण्याचा संभव आहे. अनेक मोबाईल तो वाजवीत नाहीत, त्याचे एएसी करावे.

फाइल एमपी-४ आणि चित्र एच.२६४ मध्ये ठेवणे सर्वांत सुरक्षित. एच.२६५ मध्ये जागा वाचते, पण जुन्या टीव्हीवर पडदा काळा राहतो. हॅंडब्रेकमध्ये गुणवत्तेचा आकडा २० ते २२ ठेवावा. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले. अंदाजासाठी हिशेब असा: सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर एका तासाचे चित्र ९०० एमबी होते, आवाजाचे साठ-सत्तर एमबी वेगळे. आधी वरातीचा किंवा गर्दीचा एक मिनिटाचा तुकडा करून पाहावा. स्टेजवर स्थिर बसलेल्या वधूवरून सेटिंगची परीक्षा होत नाही.

व्हीसीडीचे चित्रण मुळातच लहान असते. ते आणखी आवळू नये.

पेन ड्राइव्हवर फाइल जात नसेल तर तो फॅट-३२ पद्धतीचा आहे, त्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. एक्सफॅट करावा, पण जुना टीव्ही तो ओळखत नसेल तर फाइलचे दोन भाग करणे श्रेयस्कर. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविल्यास तो पुन्हा आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

चित्रपटांच्या विकत घेतलेल्या डीव्हीडी उतरवून द्या, अशी मागणी आल्यास स्पष्ट नकार द्यावा. त्या बहुधा कुलूपबंद असतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

घरच्या चित्रणात पडदानशीन स्त्रिया असतात, त्यामुळे हे काम मुळातच अमानत आहे. चकत्या घेताना त्यांची संख्या आणि स्थिती पावतीवर लिहावी. दुकानातील नोकराला चित्रण मोबाईलवर घेऊ देऊ नये. गिऱ्हाइकाने घरी जाऊन फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहिली, ती ठीक असल्याचे कळविले, की मगच आपल्या संगणकावरील प्रत पुसावी. मूळ चकती परत देताना ती फेकू नका, असेही सांगावे.