न भेटणाऱ्या रेषा

समांतर रेषा कोणत्या, असें शाळेंत जाणाऱ्या मुलास विचारलें असतां ‘कितीही वाढविल्या तरी न मिळणाऱ्या’ हें उत्तर तत्काळ येतें, आणि घरांतील वडील मंडळींचेंही त्यानें समाधान होतें. वस्तुतः हें उत्तर सदोष आहे. शिंगें असलेला प्राणी म्हणजे गाय, असें म्हटल्यास म्हैसही गाय ठरते. तर्कशास्त्रांत ह्या दोषास अतिव्याप्ति म्हणतात. तोच दोष येथें आहे. म्हणूनच यूक्लिडानें पहिल्या पुस्तकांतील तेविसाव्या व्याख्येंत दोन्ही रेषा एकाच प्रतलांत असल्या पाहिजेत, अशी अट घातली आहे.

ही अट कशासाठीं, तें आपली खोलीच सांगेल. समजा, ती 12 फूट लांब, 10 फूट रुंद व 9 फूट उंच आहे. छताची लांबीकडील एक कड व जमिनीची रुंदीकडील एक कड घ्यावी. त्या कितीही वाढविल्या तरी मिळत नाहींत. परंतु दिशा भिन्न असल्यामुळें समांतरही नव्हेत. दोहोंस सर्व लांबीभर चिकटेल अशी सपाट फळी बसविणें अशक्य आहे. अशा रेषांस विषमतलीय रेषा म्हणतात. त्यांतील लघुतम अंतर दोहोंस लंब असलेल्या एकाच रेषेवर मोजतां येतें. येथें तें कोपऱ्यांतील उभ्या कडेइतकें, म्हणजे 9 फूट आहे. खोलीच्या एकंदर 12 कडांपैकीं कोणतीही एक घेतली, तर उरलेल्या अकरांपैकीं 3 तिला समांतर, 4 तिला मिळणाऱ्या व 4 विषमतलीय निघतात.

रेषाखंडांविषयीं अधिक सावध असावें. रेषेस अंत नाहीं. रेषाखंडास दोन टोकें असतात. मेजावर दूर ठेवलेल्या दोन काड्या एकमेकींस लागत नाहींत, एवढ्यानें त्या समांतर ठरत नाहींत. वाढविल्यास कदाचित् मिळतील. मात्र दोन रेषाखंडांचीं चारही टोकें एका प्रतलांत नसतील, तर ते विषमतलीय होत. मग ते वाढवूनही मिळावयाचे नाहींत.

मुलांची फसगत बहुधा आकृतीमुळें होते. कागद हें एकच प्रतल. त्यावर विषमतलीय रेषाही एकमेकींस छेदतांना दिसूं शकतात. नकाशांत लोहमार्ग व रस्ता छेदलेले दिसतात. परंतु प्रत्यक्षांत तेथें फाटक असेल तर ते खरेंच मिळतात, आणि पूल असेल तर मुळींच मिळत नाहींत. ह्या भेदावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

तेव्हां व्याख्या पाठ करवून घेण्यापूर्वीं मुलाच्या हातीं विणकामाच्या दोन सुया द्याव्या. प्रथम त्या एकमेकींस छेदून धरवाव्या, नंतर समांतर. शेवटीं एक सुई वर उचलून दुसरीवर आडवी फिरवावयास सांगावें. ही तिसरी जोडी आधींच्या दोहोंहून वेगळी कां, हें त्यास आपल्या शब्दांत सांगतां आलें, म्हणजे ‘एकाच प्रतलांत’ हे शब्द त्याच्या उत्तरांतून पुन्हां गळणार नाहींत.