लेखांक ६ : पाचवा अंगठा

आमच्या ट्रंकेत एक वाटणीपत्र आहे, १९५३ सालचं. निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी लिहिणाऱ्याचा हात उर्दूचाच. घड्या पडून पडून कागद मधोमध फाटलेला, मागून आईनं खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवलेली. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हाचा तो कागद. काही वर्षांपूर्वी विहिरीकडच्या पट्टीवरून आमच्यात आणि चुलतभावंडांत बोलाचाली झाली. पहाणीत (सीमेपलीकडे उमरग्यात ज्याला सातबारा म्हणतात, त्यात) काही उलगडा होईना, तेव्हा तो बाहेर काढला. आमच्या पिढीत कुणाला उर्दू वाचता येत नाही. शेवटी ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना राजेश्वरला घरी बोलावलं.

त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळा कागद वाचला आणि साक्षीदारांपाशी येऊन थांबले. पाच साक्षी होत्या. चार पुरुषांच्या, आणि पाचवा अंगठा एका बाईचा. वडिलांच्या आत्याचा. ती विधवा होऊन माहेरी परतली होती आणि जन्मभर त्याच विहिरीवर राबली होती. धाकट्या चुलतभावाचं म्हणणं होतं की कागद मागाहून बनवलेला आहे. शिक्षक म्हणाले, "बेटा, खोटा कागद करणारा माणूस बाईचा अंगठा कशाला घेईल? तो पाटलाची सही घेईल."

चुलतभाऊ गप्प झाला. मीही गप्प झालो, पण माझं मन तोवर भलतीकडेच गेलं होतं. नव्या कराराच्या चार शुभवर्तमानांत येशूची कबर रिकामी असल्याचं पहिल्यांदा पाहणाऱ्या बायकाच आहेत, आणि चारही ठिकाणी त्यांत मग्दालीया मरीयेचं नाव आहे. लहानपणापासून ईस्टरच्या उपासनेत हे ऐकत आलो होतो. त्याचं वजन त्या दिवशी कळलं.

गेल्या पाच लेखांत आपण देवाच्या अस्तित्वाविषयी बोललो. ते सगळं मान्य केलं तरी माणूस ख्रिस्ती होत नाही. त्यासाठी आजचा प्रश्न ओलांडावा लागतो: येशू खरंच मेलेल्यांतून उठला का? आमच्या भागात हा प्रश्न विचारणंही जरा अवघड जातं. राजेश्वरहून हुमनाबाद हाकेच्या अंतरावर, आणि तिथलं माणिकनगर म्हणजे माणिकप्रभूंचं स्थान. प्रभूंचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. त्यांचा संप्रदाय सकलमत: सगळ्या मतांचा मान. त्यांच्या दारी हिंदू-मुसलमान दोघं आले, अजून येतात. त्या शिकवणीनं या मुलखाला मोठं शहाणपण दिलं आहे असं मी मनापासून मानतो. शेजारच्या शेतातले मामा दत्तजयंतीला न चुकता माणिकनगरला जातात. ते मला म्हणाले, "देव एकच हाय गुरुजी. मग खरं-खोटं कशाला काढायचं?"

मामांना मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. एखादं मत असेल तर त्याला मान देऊन आपलं मत आपल्यापाशी ठेवता येतं. पण ख्रिस्ती विश्वासाच्या मध्यभागी एक घटना आहे. पंतय पिलात यहूदियाचा सुभेदार असताना, म्हणजे इसवी सन २६ ते ३६ च्या दरम्यान, यरुशलेमच्या वेशीबाहेर एका माणसाला वधस्तंभावर मारलं, आणि तो तिसऱ्या दिवशी जिवंत दिसला, असं ते सांगणं आहे. घटना घडलेली असते किंवा नसते. प्रेषित पौलानं हे स्वतःच मान्य केलं आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट, अशा अर्थाचं तो करिंथच्या मंडळीला लिहितो. आपला सगळा विश्वास एका तपासता येणाऱ्या गोष्टीवर पणाला लावणारा हा माणूस मला फार प्रामाणिक वाटतो.

तेव्हा साक्षीदार तपासू या.

पौलाचं ते पत्र साधारण इसवी सन ५५ चं, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. त्यात तो एक यादी देतो आणि ही यादी आपल्याला दुसऱ्यांकडून मिळाली असं सांगतो, म्हणजे ती पत्राहूनही जुनी. पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक माणसं, मग येशूचा भाऊ याकोब, मग सगळे प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. पाचशेंबद्दल तो म्हणतो की त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. जाऊन विचारा, असा त्याचा अर्थ. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आमच्या गावात कुणी रचून सांगितली तर पारावर बसलेली म्हातारी माणसं त्याला संध्याकाळपर्यंत टिकू देत नाहीत.

यादीतली दोन नावं मला विशेष महत्त्वाची वाटतात. याकोब भाऊ असूनही येशू हयात असताना त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हता. शुभवर्तमानांत घरच्यांचा तो अविश्वास लपवलेला नाही. पुढं हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला आणि ६२ च्या सुमारास मारला गेला. याची नोंद योसेफस या यहुदी इतिहासकारानं केली आहे, जो ख्रिस्ती नव्हता. दुसरा पौल. तो तर येशूच्या अनुयायांना पकडून देणारा माणूस.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. घरातलं माणूस गेलं की काही दिवस ते दिसल्याचा, त्याचा आवाज आल्याचा भास होतो. माझी आई गेली तेव्हा पहाटे चुलीपाशी भांडं वाजल्याचं मी स्वतः कितीदा ऐकलं. पेत्राला तसाच भास झाला नसेल कशावरून? पेत्रापुरतं हे उत्तर मला शक्य वाटतं. पौलाला मात्र ते लागू पडत नाही. त्याच्या मनात दुःख नव्हतं, राग होता. मेलेल्या वैऱ्याच्या आठवणीनं कुणी आपली प्रतिष्ठा, आपलं कूळ आणि शेवटी जीव देत नाही. साक्षीदार जिवावर उदार झाले एवढ्यानं साक्ष खरी ठरत नाही, हेही खरं. खोट्या गोष्टीसाठीही माणसं मरतात. पण ती खरी समजून मरतात. म्हणजे हे लोक निदान लबाड नव्हते, इतकं हातात येतं.

आता बायका. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. योसेफसनं तसं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या शतकातल्या केल्सस नावाच्या ग्रीक टीकाकारानं तर नेमकं यावरच बोट ठेवलं: कुणी पाहिलं म्हणे, तर एका भ्रमिष्ट बाईनं! त्याचं पुस्तक आज उरलेलं नाही, पण ओरिगननं तिसऱ्या शतकात त्याला उत्तर लिहिलं त्यात हे आरोप जसेच्या तसे टिकले. म्हणजे बायकांची साक्ष ही अडचण होती आणि विरोधक तिचा फायदा घेत होते. पौलाच्या यादीतही बायकांची नावं नाहीत, हे जाणकार वाचकाच्या लक्षात येईल. चारचौघांत पुढं करण्याच्या यादीतून ती गळली असावीत असं मला वाटतं. तरी शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांनी ती ठेवली. बाकी बारीकसारीक तपशिलांत त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. बायका किती होत्या, कबरीपाशी कोण दिसलं, यात फरक आहेत. पण मग्दालीया मरीया चौघांकडेही आहे. रचलेल्या गोष्टीत तिला कुणी आणलं नसतं. त्यांनी आणलं, कारण ती तिथं होती.

हा पुरावा गणितासारखा नाही. मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक ७० च्या आसपासचं मानतात, तोवर चाळीस वर्षं उलटली होती, आणि चाळीस वर्षांत गोष्टी बदलतात. ज्यानं मेलेला माणूस उठूच शकत नाही असं आधीच ठरवलं आहे, त्याला कितीही साक्षी आणल्या तरी पुरणार नाहीत. मात्र तो निर्णय साक्षी ऐकण्याआधीचा असतो, ऐकून घेतलेला नसतो.

आमच्या भाषेतल्या माणसांनी हा निर्णय कसा घेतला ते पाहण्यासारखं आहे. 'भाकरीसाठी बाटले' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो, आणि ते ऐकताना अजूनही आत कुठंतरी दुखतं. आमच्या बिदरकडे मेथडिस्ट मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं तेव्हा गरिबी होती, दुष्काळ होते, आणि भूक घेऊन कुणी मिशनच्या दारात गेलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नीलकंठशास्त्री गोऱ्हे भुकेले नव्हते. काशीतला हा चित्पावन पंडित मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाला, त्यासाठी संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. घरची माणसं तुटण्याचं दुःख त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात मांडलं आहे.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष घेतला. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. तिथं लंडनजवळ फुलहॅमला, वाट चुकलेल्या बायकांना धर्मभगिनी कशा प्रेमानं सावरतात, हे त्यांनी पाहिलं. इतक्या दयेनं का वागता, असं विचारल्यावर एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच सुमारास हिंदुस्थानातून गोऱ्ह्यांची पत्रं येत होती. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथंच त्यांची परीक्षा संपली असं समजू नका. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, कुमारी मातेचं काय, असे प्रश्न त्या वाँटेजच्या धर्मभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून विचारत राहिल्या. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून मी दुसऱ्या जोखडात मान देणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. पुढं १८९१ च्या सुमारास त्यांना कळून आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं त्या विचार करत होत्या. एवढं थांबून, इतक्या प्रश्नांतून चाळून घेतलेला विश्वास कुणाच्या दबावाचा कसा म्हणायचा?

१९१२ च्या सुमारास याच रमाबाईंनी आपल्या मुलखाकडे पाहिलं आणि गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, मुलींची शाळा काढली. मुख्य म्हणून स्वतःची लेक मनोरमा पाठवली. निजामाच्या राज्यात, आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात.

वाटणीपत्र वाचून झालं त्या दिवशी संध्याकाळी मामा आले होते. सगळी हकिगत ऐकून त्यांनी विचारलं, "आत्याचं नाव काय लिवलंय, गुरुजी?"

मी कागद पुन्हा उलगडला. उर्दू शिक्षकांनी वाचून दिलेलं मी पेन्सिलीनं बाजूला मराठीत लिहून ठेवलं होतं. चारही पुरुषांची नावं होती, बापाच्या नावासकट. पाचव्या अंगठ्यासमोर होतं फक्त 'बेवा', म्हणजे विधवा, आणि नवऱ्याचं नाव. तिचं नाव नव्हतंच. घरात आता ते कुणाला आठवतही नाही.

मामा बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आन् त्या कबरीवरच्या बाईचं?"

"तिचं आहे, मामा," मी म्हणालो. "गावासकट."

मामांचा पुढचा प्रश्न मी पुढच्या आठवड्यासाठी ठेवला आहे: १८७४ च्या मद्रासकडच्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील उपासमारीनं गेले, तेव्हा हा देव कुठं होता?