चुकलेल्या नांवावरून नेमकें पान

बावन्न पत्त्यांचीं नांवें कोणी विसरत नाहीं. परंतु अमेरिकेंत १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ निघाला, त्याची गोष्ट निराळी आहे. त्यांत दरवर्षीं नवीं पानें निघतात, आणि निरनिराळ्या नांवांच्या पानांची संख्या आतां २५,००० हून अधिक झाली आहे. बहुतेक पानांवर त्यांचा नियम छापलेला असतो. डाव अडला म्हणजे खेळाडू संगणकावरील सूचींत पानाचें नांव लिहून नियम पाहतो. आणि घाईंत तें नांव पुष्कळदां चुकतें.

अशा वेळीं यंत्रानें जवळचें नांव शोधावयाचें असतें. पण जवळचें म्हणजे काय? लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानें १९६५ सालीं याचें एक माप दिलें. अक्षर घालणें, गाळणें किंवा बदलणें या क्रिया कमींत कमी जितक्या वेळां केल्यानें एका शब्दाचा दुसरा होतो, तितकें त्यांतील अंतर. 'लाइटनिंग बोल्ट' लिहितांना पुष्कळजण एक जादा 'ई' घालतात. हें अंतर केवळ एक.

एवढ्यानें मात्र भागत नाहीं. समजा, कोणी टी-आर-ई-आर-ओ-आर असें लिहिलें. यांतील चौथें अक्षर बदलून 'एम' केलें कीं 'ट्रेमर' हें पान होतें, अंतर एक. 'टेरर'चें अंतर दोन भरतें, म्हणून यंत्र बेधडक 'ट्रेमर' पुढें करील. वास्तविक लिहिणाराच्या हातून 'ई' आणि 'आर' यांची केवळ अदलाबदल झालेली असूं शकते. डॅमेरो यानें १९६४ सालींच दाखविलें होतें कीं, लेखनांतील ८० टक्क्यांहून अधिक चुका एकाच अक्षराच्या किंवा अशा एका अदलाबदलीच्या असतात. (शुद्धलेखनाच्या वह्या तपासणारास हें आकड्यांवांचूनहि ठाऊक असतें.) अदलाबदल ही एकच चूक धरली कीं दोन्ही पानें सारख्याच अंतरावर येतात.

आतां निवड कशी करावी? 'टेरर' एका प्राण्याचा नाश करतें; 'ट्रेमर' न उडणाऱ्या प्रत्येक प्राण्यास, आपल्या पक्षाच्यासुद्धां, एक इजा करतें. सामन्यांत भलत्याच पानाचा नियम वाचून निर्णय दिला गेला, तर डाव फुकट गेला. पान न सांपडल्यास खेळाडू पुन्हां लिहितो. चुकीचें सांपडल्यास त्यास संशयहि येत नाहीं. म्हणून पहिलें नांव किती जवळचें, याबरोबरच दुसरें त्याहून किती दूर, हेंहि तपासावें लागतें. अंतर शब्दाच्या लांबीशीं ताडावें लागतें तें वेगळेंच: 'फॉग' या तीन अक्षरी नांवांत एक चूक म्हणजे तृतीयांश नांव गेलें.

'स्क्रायफॉल' या सूचीच्या अदमासी शोधांत 'जेस बेलेरन' या नांवांतील दोन्ही शब्दांचीं शेवटचीं अक्षरें गाळलीं तरी तें पान मिळतें. मात्र एकच नांव निःसंशय ठरत नसेल, तर तो शोध कोणतेंहि पान देत नाहीं.