चाकांवरचे घर : काम भरपूर, पण आधी कागद आणि पूररेषा

मोटारीतच झोपण्याची, स्वयंपाकाची व आंघोळीची सोय करायची, कुटुंबासह निघायचे आणि रात्री नदीकाठी मोकळ्या जागेत मुक्काम करायचा, या पद्धतीला कॅरॅव्हॅन पर्यटन म्हणतात. अमेरिकेतील सरकारी उद्यानांत अशा गाड्यांसाठी आखलेल्या जागा असतात. अनेक ठिकाणी जागेवरच वीज व पाणी मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली याविषयीचे धोरण आणले. त्यात गाडीबरोबरच गाड्या उभ्या करण्याच्या तळाचाही, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्कचाही, विचार आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत जागांची वाण नाही. वाईजवळ धोमचा जलाशय, कोयनेच्या शिवसागरावर बामणोली व तापोळा, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. घाटातले रस्ते अरुंद असल्याने इकडे बसएवढ्या गाडीपेक्षा टेंपो ट्रॅव्हलरएवढी गाडी बरी.

अशा एका गाडीत सुतार, वेल्डर, वायरमन, सीट-गादीवाला, नळकाम करणारा आणि रंगारी अशा सहा जणांचे काम असते. मात्र घरातले काम जसेच्या तसे गाडीत चालत नाही.

वजनाचे उदाहरण घ्या. चौघांना माणशी २० लिटर धरले तरी पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो झाले. टाकी खाली व चाकांच्या आसाजवळ बसवावी. टपावर बसवली तर वळणावर गाडी झोल खाते. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच.

विजेचा हिशेब असा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी १२०० वॅट-अवर साठवते. साधी शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मी, म्हणजे ६०० वॅट-अवर वीज वापरावी. ३० वॅटचा पंखा आठ तास चालला की २४० गेले. पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले की १०० गेले. ४५ वॅटचा लहान फ्रीज दिवसातून बारा तास चालला तर एकटा ५४० खातो. बेरीज ८८० होते, म्हणजे एक बॅटरी पुरत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. घरातली बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवावी, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

आता कागद. जुनी गाडी घेऊन मनाप्रमाणे कापाकापी करणे कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कॅरॅव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे वेगळे मानक आहे. गाडी भाड्याने द्यायची असेल तर खासगी नोंदणी चालत नाही. म्हणून हत्यार हाती घेण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी चौकशी करावी. गिऱ्हाईक "नंतर बघू" म्हणाले तर काम घेऊ नये. गाडी अडकली की मजुरीही अडकते.

तळ काढणाऱ्यांनी नदी ओळखावी. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी व लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत संडास, ओटा, खोली असे काहीच बांधू नये. गाडीला चाके आहेत, ती हलवता येईल. बांधकामात घातलेला पैसा हलत नाही. ऊन असले तरी वर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढते, म्हणून पावसाळ्यात काठावर मुक्काम देऊच नये. मोरीचे पाणी नदीत न सोडता टाकीत साठवून ठरलेल्या जागीच रिकामे करावे. त्याच नदीचे पाणी खालची गावे पितात.

धंदा नवा आहे म्हणून घाई करू नये. एकट्याने कर्ज काढण्यापेक्षा पाच-सहा कारागीर बांधवांनी मिळून आधी एकच गाडी मंजुरीसह पुरी करावी. कागद पक्के असलेली ती एक गाडीच पुढची गिऱ्हाइके आणील.